घशाचं माप

नागभीडहून तळोधीकडे जाताना
डाव्या हाताला आमचा भाता.
वखराच्या पासा, विळे, पावशी,
आणि वर्षातून दोनदा, दार लोटून,
कापगत्यांची रायफल.

लायसनची. धानातल्या डुकरांसाठी.
दर इलेक्शनला ठाण्यात जमा व्हायची,
परत यायची तेव्हा
थोडी आणखी म्हातारी होऊन.
"घसा झिजला हिचा," बाबा म्हणायचे,
"बजारची गोरी आत गेली का हिंडते,
माय हरपलेल्या पोरावानी.
हिले हिच्या मापाचा घास पाह्यजे."

गोरी म्हणजे गोळी.
ळ आमच्या झाडीत जिभेवर टिकत नाही,
र होऊन निसटतो.
म्हणून असेल, बाबा बहुतेक वेळा
घासच म्हणायचे.

आधी मऊ शिशाचा तुकडा
घशापर्यंत हळूच सारायचा,
काढून उन्हात धरायचा.
आत कुणालाच दिसत नाही
ते त्यावर उमटलेलं असे:
कुठे रुंद, कुठे खरचटलेलं,
कुठून पेच सुरू होतात.
चष्मा कपाळावर ढकलून
बाबा तो तुकडा वाचायचे,
पोस्टमन गिचमिड पत्ता वाचतो तसा.

शिसं उमरेडच्या बंद पडलेल्या छापखान्याचं.
गोणीभर खिळे, किलोच्या भावानं.
लग्नपत्रिका छापलेले, शंकरपटाची पत्रकं, तेरवीची कार्डं.
पळीत आधी मात्रा वितळत, मग काने,
जोडाक्षरं बराच वेळ तग धरत.
मी नऊ वर्षांची. माझं काम
काळी साय काढायचं
आणि धूर येईल तिकडे उभं न राहायचं.
एक ळ मी चोरला.
बाबांनी पाहिलं.
"राहू दे," म्हणाले, "आपल्याले कोठी लागते तो."

साच्यातून निघालेला राखाडी घास
लावून पाहायचा, काढायचा,
कानशीचा एक हात, पुन्हा लावायचा.
"जबरदस्ती नाही. अंगठ्यानं लोटली
का पाटावर बसल्यावानी बसली पाह्यजे."

स्वतः त्यांनी आयुष्यात एकही बार काढला नाही.
रात्री धानाकडून आवाज आला
की जेवता जेवता हात थांबायचा.
"बसली," म्हणायचे.
लागली का, हे कधी विचारलं नाही.

आणि डाव्या गालात खर्रा.
पन्नीत घोटलेला, चाळीस वर्षं.

नागपूरला मेडिकलमध्ये
नळी घालून डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं.
बाबा मान वळवून पाहत राहिले,
ओळखीचं काम असल्यासारखे:
कुठे रुंद, कुठे खरचटलेलं.
ऑपरेशननंतर घरी आले, पाटी मागितली.
लिहिलं: झिजला नाही. भरला.

आता भात मी पेजेच्या जरा अलीकडे थांबवते.
दोन बोटांत घेते.
पहिला मोठा झाला, ठसका लागला.
दुसरा इतका बारीक
की जिभेला सापडलाच नाही.
एका अंगानं निमुळता केला तर जातो,
हे कळायला अख्खा आषाढ गेला.
औषधाची गोळी खलात कुटते,
तिच्यावर कानस चालत नाही.
बाबा गिळतात, मी त्यांच्या गळ्याकडे बघते.
"बसला," म्हणते.
कधी ते मान हलवतात. कधी नाही.

ळ अजून आहे, सुयांच्या डबीत.
खिळ्यावर तो उलटा दिसतो.

परवा कापगत्यांचा नातू आला,
गोणपाटात गुंडाळलेली रायफल घेऊन.
डुकरं लई झाली म्हणाला, बांधच ठेवत नाहीत.
साचा माझ्याकडे आहे. पळी आहे.
हातही असेल, कुणी सांगावं.
बाबा खाटेवरून नळीच्या तोंडाकडे पाहत होते,
कुणाची तरी तब्येत विचारावी तसे.

मी म्हटलं, पोळ्यानंतर ये.
आत्ता एकाच घशाचं माप
बोटांत ठरलंय, ते हलायला नको.

तो गेला.
भात निवला होता.
पुन्हा चुलीवर ठेवला.